कासवाचे माहेर, सरासरीचे सासर

कोकणातल्या कासवांविषयी मराठीत जे लिहिले जाते, त्यातले निम्मे लेखन एकाच उपमेवर उभे असते. कासवाची मादी माहेरपणाला येते. ज्या किनाऱ्यावर ती जन्मली त्याच किनाऱ्यावर बाळंतपणासाठी परतते, वाळूत अंडी घालते आणि पुन्हा सासरी, म्हणजे खोल समुद्रात, निघून जाते. पर्यटकांसाठी लावलेल्या फलकांवर ही उपमा आहे, रविवारच्या पुरवण्यांत आहे, शालेय निबंधांत आहे; आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर आमच्यापैकी काहींच्या जुन्या लेखनातही ती आहे. माहेर या शब्दापाशी आल्यावर मराठी लेखकाला विचार थांबवण्याची मुभा असते. आमची तक्रार त्या मुभेविरुद्ध आहे, आणि ती केवळ शैलीची तक्रार नाही.

ही उपमा निखालस खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. समुद्री कासवे साधारणपणे आपल्या जन्मप्रदेशाकडे परततात, याला जनुकीय पुरावा आहे. शिवाय तिने किनाऱ्यावर काम केलेले आहे. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने २००२ मध्ये वेळासला घरटी राखायला सुरुवात केली, तेव्हा कासवाची अंडी काढून नेणे ही किनाऱ्यावरची सवयीची गोष्ट होती. ज्या गावात कायद्याचे कलम कोणी ऐकले नसते तिथे 'लेक माहेरी आली आहे' हे वाक्य ऐकले गेले असेल, तर आम्ही त्या वाक्याला नमस्कारच करू. परंतु किनाऱ्यावर उपयोगी पडलेली उपमा पाण्यात शिरली की घात करते. कारण ती सगळ्या माद्यांची मिळून एकच मादी बनवते. तिला एक घर असते, एक वाट असते, एक स्वभाव असतो. मग त्या वाटेने न जाणारी प्रत्येक मादी 'भरकटलेली' ठरते.

याचे उदाहरण फार लांब शोधायला नको. २७ जानेवारी २०२५ रोजी गुहागरच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची एक मादी अंडी घालायला वर आली. तिच्या वल्ह्यासारख्या पुढच्या पायांवर धातूच्या टॅगा होत्या आणि त्यांवर क्रमांक होता ०३२३३. चौकशीअंती कळले की ही टॅग भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या संशोधकांनी मार्च २०२१ मध्ये ओडिशातल्या गहिरमाथ्याच्या किनाऱ्यावर लावली होती, तीही ती तिथे सामूहिक विणीसाठी वर आलेली असताना. म्हणजे या मादीने बंगालच्या उपसागराच्या काठी घरटे केले होते आणि चार वर्षांनी अरबी समुद्राच्या काठीही केले. मधले अंतर सुमारे साडेतीन हजार किलोमीटरचे मानले जाते. पूर्व किनाऱ्याची कासवे वेगळी आणि पश्चिम किनाऱ्याची वेगळी, अशी सोयीची वाटणी आपण सगळ्यांनीच मनात करून ठेवली होती. बातमी वाचल्यावर आमच्यातल्या एकाच्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो असा: वाट चुकली की काय बिचारी?

या प्रश्नातच सगळा रोग आहे. वाट चुकली म्हणजे कोणाची वाट चुकली? आपण नकाशावर आखलेली तिला कोणी दाखवली होती? आणि तिचे माहेर यांतले नेमके कोणते? गहिरमाथा म्हणावे तर गुहागरला ती परक्याच्या दारी बाळंत झाली. गुहागर म्हणावे तर गहिरमाथ्याचे काय करायचे? अडचणीत कासव आलेले नाही. त्याने दोन्हीकडे अंडी घातली आणि ते निघून गेले. अडचणीत आली आहे ती उपमा.

०३२३३ हे एखादे विक्षिप्त उदाहरण म्हणून बाजूला ठेवावे, असे म्हणणारे भेटतील. त्यांनी त्याआधीच्या दोन वर्षांकडे पाहावे. २०२२ च्या जानेवारी-फेब्रुवारीत महाराष्ट्र वन विभागाचे कांदळवन प्रतिष्ठान आणि डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था यांनी रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावरच्या पाच माद्यांच्या पाठीवर उपग्रह टॅग बसवले. पश्चिम किनाऱ्यावर अंडी घालणाऱ्या ऑलिव्ह रिडलेंचा असा माग प्रथमच काढला जात होता. वेळासची प्रथमा, आंजर्ल्याची सावनी, गुहागरच्या रेवा, लक्ष्मी आणि वनश्री. प्रथमा उत्तरेकडे गुजरातच्या दिशेने गेली. रेवाने दक्षिण धरली. लक्ष्मीचा संदेश काही आठवड्यांतच बंद पडला. पुढच्या वर्षी, फेब्रुवारी २०२३ मध्ये, गुहागरलाच आणखी दोघींना टॅग लावले: बागेश्री आणि गुहा. एकच किनारा, एकच आठवडा, एकाच बनावटीचे यंत्र. गुहा लक्षद्वीपच्या परिसरात रमली. बागेश्री कन्याकुमारीला वळसा घालून श्रीलंकेच्या बाजूने बंगालच्या उपसागरात जाऊन पोचली. एकाच वाळूतून निघालेल्या या दोन माद्यांनी आपापली दिशा एकमेकींना न विचारता ठरवली होती.

वर्तमानपत्रांनी या माद्यांना भरभरून जागा दिली, आणि त्याबद्दल आम्हाला आनंदच आहे. पण ती जागा कशी दिली गेली ते पाहण्यासारखे आहे. प्रत्येक बातमीत कासवाला नाव होते, प्रवास होता, 'पराक्रम' होता. नव्हता तो एकच प्रश्न, की या दोघी वेगळ्या का गेल्या. नाव देणे म्हणजे व्यक्ती मान्य करणे, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात नाव देऊन झाल्यावर आपण तिला पुन्हा 'ऑलिव्ह रिडले कासवांचे स्थलांतर' या एकवचनी मथळ्याखाली ढकलतो. बारसे केले, पण व्यक्ती म्हणून ओळख पटवून घेतली नाही, असा हा प्रकार.

मराठीत या बाबतीत दोन म्हणी एकमेकींशी भांडत आलेल्या आहेत. एक म्हणते, व्यक्ती तितक्या प्रकृती. दुसरी म्हणते, कुठेही जा, पळसाला पाने तीनच. माणसांबद्दल बोलताना आपण पहिलीचा आधार घेतो आणि इतर प्राण्यांबद्दल बोलताना न चुकता दुसरीचा. 'जात' हा शब्द आपल्या भाषेत दोन्हीकडे चालतो, म्हणून हा दुटप्पीपणा मराठीत अधिकच उघडा पडतो. 'अमुक जातीचा माणूस असाच वागायचा' हे वाक्य उच्चारताना आज निदान चारचौघांत जीभ अडखळते. 'अमुक जातीचा मासा असाच वागतो' हे वाक्य मात्र पाठ्यपुस्तकात ज्ञान म्हणून छापले जाते, आणि परीक्षेत त्याला गुण मिळतात.

हा दोष केवळ मराठी पुरवण्यांचा असता तर आम्ही एवढे लिहीत बसलो नसतो. तो विज्ञानाच्या अंगातही खोल मुरलेला होता. अर्न्स्ट मायर यांनी १९५९ मध्येच या रोगाचे निदान केले होते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: एका प्रकारच्या विचारवंताला नमुना खरा वाटतो आणि त्यापासूनचे फरक हे आभास, दुसऱ्या प्रकारच्या विचारवंताला फरक हीच वस्तुस्थिती वाटते आणि सरासरी ही केवळ आकडेमोड. डार्विन दुसऱ्या पंगतीतला, असे मायर म्हणत. त्यानंतर तब्बल अठ्ठावीस वर्षांनी, १९८७ मध्ये, अल्बर्ट बेनेट या शरीरक्रियाशास्त्रज्ञाला आपल्याच क्षेत्रातल्या सहकाऱ्यांना उद्देशून सुवर्णमध्याच्या जुलूमशाहीबद्दल तक्रार करावी लागली. प्राण्याप्राण्यांतला फरक म्हणजे मोजमापातली घाण, ती धुऊन टाकायची आणि खाली उरलेली स्वच्छ सरासरी छापायची, हा शिरस्ता तोवर तसाच चालू होता. समुद्राच्या बाबतीत तो जास्त काळ टिकला, कारण समुद्रात एकेका प्राण्याच्या मागे जाणेच अशक्य होते. जाळ्यात सापडतो तो ढीग असतो, आणि ढिगाला स्वभाव नसतो. उपग्रह टॅग आले, पाण्याची खोली आणि तापमान नोंदवत राहणारी बोटाएवढी यंत्रे आली, तेव्हा कुठे ढिगातला एकेक प्राणी बाजूला काढून पाहता आला.

तर हे प्राणी वेगळे का जातात? या प्रश्नाला एक उत्तर नाही, आणि आमच्या दृष्टीने गंमत त्यातच आहे.

पहिले कारण अगदी देहाचे. आफ्रिकेच्या पश्चिमेला असलेल्या केप व्हर्दे बेटांवर अंडी घालणाऱ्या लॉगरहेड कासवांचा माग लुसी हॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढला. ते काम २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. आकाराने मोठ्या माद्या आफ्रिकेच्या किनाऱ्यालगत उथळ पाण्यात तळाशी चरायला गेल्या. लहान माद्या खुल्या समुद्रात राहून पृष्ठभागाजवळचे अन्न खात हिंडल्या. तोवर एक समजूत प्रचलित होती की खुला समुद्र ही बाल्यावस्थेची जागा आणि वयात आलेले लॉगरहेड किनाऱ्याला लागते. इथे तर अंडी घालणाऱ्या, पूर्ण वाढलेल्या माद्याच खुल्या समुद्रात होत्या. हिदेओ हातासे यांच्या जपानमधल्या अभ्यासातही, २००२ मध्ये, असाच मोठ्या-लहानांचा फरक दिसला होता. आता या केप व्हर्देच्या माद्यांची सरासरी काढून पाहा. मध्यम आकाराचे एक कासव मिळेल, आणि ते किनारा व खुला समुद्र यांच्या मधोमध अशा एका पट्ट्यात चरताना आढळेल, की जिथे त्यांच्यातले एकही कासव चरायला थांबत नाही. हे सरासरीचे सासर. तिथे सगळ्या सुना सारख्या, आणि त्यांतली एकही प्रत्यक्षात नांदत नाही.

दुसरे कारण रक्तातले. आइसलंडभोवतीच्या कॉड माशांना नोंदयंत्रे लावल्यावर दिसले की काही मासे वर्षभर किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात राहतात, तर काही खोल जाऊन थंड आणि उबदार पाण्याच्या सीमेवर वर-खाली करत चरतात. ही निवड पँटोफायसिन नावाच्या जनुकाच्या दोन रूपांशी बऱ्याच अंशी जुळते. एकाच जाळ्यात सापडलेले, एकाच पाटीत विकले गेलेले, पण प्रकृतीने वेगळे. पुढे २००९ मध्ये आयनार आर्नासन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखवले की मासेमारीचा भार उथळ पाण्यातल्या प्रकृतीवर अधिक पडतो आहे, आणि ती प्रकृती झपाट्याने घटते आहे. वजनकाट्यावर मोजले तर 'कॉड' आहेच. पण एका प्रकारचा कॉड संपत चाललेला असू शकतो, आणि बेरजेत ते कळत नाही. सरासरीचा खरा धोका हा आहे. ती खोटे बोलते हे एक वेळ चालले असते, पण कोण गेले तेच ती सांगत नाही.

तिसरे कारण स्मरणाचे, आणि इथे आम्ही थोडे रेंगाळणार आहोत.

हेरिंग माशांना वाट थोरांकडून मिळते. नॉर्वेच्या किनाऱ्यावर वसंतात विणारे हेरिंग पिढ्यान्‌पिढ्या दक्षिणेला, मोऱ्याच्या परिसरापर्यंत उतरून अंडी घालत आले होते. मे २०२५ मध्ये अरिल स्लॉटे आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये नोंदवले की ही विणीची जागा काही वर्षांच्या आत सुमारे ८०० किलोमीटर उत्तरेकडे सरकली. त्यांनी दिलेले कारण वाचून आम्ही काही वेळ गप्प बसलो होतो. मासेमारीत जाणते मासे वेचले गेले; त्याच सुमारास तरुण माशांची एक मोठी पिढी आली; वाट माहीत असलेले थोडे आणि माहीत नसलेले असंख्य, अशा परिस्थितीत शिकवणी मोडली. कळप मेला नाही, त्याची आठवण मेली. कोणत्याही कोळीवाड्यातला म्हातारा तांडेल हे ऐकून मान डोलवेल. होडी तीच असते, पण खडक कुठे आहे हे ज्याला माहीत तो तांडेल गेला की ती होडी तीच राहत नाही. टनांत मोजणाऱ्या हिशेबात मात्र पंधरा वर्षांचा मासा आणि चार वर्षांचा मासा यांत फरक असतो तो वजनाचाच.

कासवांचे प्रकरण नेमके उलटे. त्यांना शिकवणारे कोणी नसते. आई अंडी पुरून निघून गेलेली असते. माहेर म्हणणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवायला हवे, की या माहेरी आई नसतेच. मग वाटा कुठून येतात? ग्रॅहम हेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेली एक कल्पना अशी आहे, की पिल्लू पहिल्या काळात प्रवाहाबरोबर जिथे जिथे वाहत गेले, तिथल्या अनुभवाचा ठसा प्रौढपणी चरण्याची जागा ठरवताना उपयोगी पडतो. म्हणजे वाट हा अंशतः नशिबाचा मामला. या कल्पनेला आम्ही आमच्या किनाऱ्याचा एक तपशील जोडून पाहतो. अनुमान आमचे आहे, संशोधकांच्या माथी ते मारू नये. कोकणात घरटी साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत होतात आणि दीड-दोन महिन्यांनी पिल्ले बाहेर पडतात. गोव्यात दोना पावला येथे असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ज्या प्रवाहाचा वर्षानुवर्षे अभ्यास केला तो पश्चिम किनाऱ्याचा प्रवाह थंडीत उत्तरेकडे वाहतो आणि नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात दक्षिणेकडे. तेव्हा जानेवारीत पाण्यात शिरलेले पिल्लू आणि मेच्या तोंडावर शिरलेले पिल्लू ही एकाच हॅचरीतून सुटलेली असली, तरी समुद्राने त्यांना दोन वेगळ्या गावांच्या गाडीत बसवलेले असू शकते. एकाच आईची, एकाच हंगामातल्या दोन घरट्यांतली भावंडेसुद्धा. त्यांतली एक वीस वर्षांनी गुजरातकडे गेली आणि दुसरी लक्षद्वीपकडे, तर त्यात भरकटणे कुठले? दोघीही आपापल्या बालपणाशी इमान राखून आहेत.

आणि ऑलिव्ह रिडले तर यात आणखी पुढे गेलेली. पामेला प्लॉटकिन यांनी कोस्टा रिकाच्या किनाऱ्यावर हजारोंनी एकत्र वर येणाऱ्या माद्यांचा माग काढला. वाळूवर खांद्याला खांदा लावून आलेल्या या माद्या पाण्यात शिरल्यावर एकमेकींबरोबर राहिल्या नाहीत. ज्या त्या आपल्या दिशेने गेल्या आणि ठरलेल्या कुरणावर स्थिरावण्याऐवजी भटक्यांसारख्या हिंडत राहिल्या. ज्या जातीचे सामूहिकपण जगभर चित्रित होते, त्या जातीची ही गोष्ट. एकत्र येणे हा तिच्या वर्षातला छोटा भाग. उरलेला काळ ती एकटी. माहेरच्या उपमेत हे बसणार कसे?

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप संख्येचा: सात कासवांवरून काय सिद्ध होते? काहीच नाही, हे आम्ही आधीच मान्य करतो. परंतु हा आक्षेप घेणाऱ्याने तो दोन्ही बाजूंनी घ्यावा. सात कासवांवरून फरकाचा नियम काढता येत नसेल, तर सात कासवांवरून 'कोकणच्या कासवांचा मार्ग' असा नकाशाही काढता येत नाही. फरकासाठी पुरावा मागायचा आणि सरासरीला तो माफ करायचा, हे चालणार नाही.

दुसरा आक्षेप आम्हाला अधिक जड वाटतो. प्राणी कधी चुकतच नाहीत असे तुम्ही म्हणता काय? तसे नाही. चुकतात, आणि कित्येकदा भलतेच चुकतात. हिंदी महासागरात दिएगो गार्सिया बेटावरून निघालेल्या हिरव्या कासवांचा जो माग हेज यांच्या गटाने २०२० मध्ये प्रसिद्ध केला, त्यात काही माद्या आपले ठिकाण ओलांडून शेकडो किलोमीटर पुढे गेल्या आणि मग शोधत शोधत मागे आल्या. ही चूकच. पण तिला चूक म्हणण्याचा अधिकार संशोधकांना कशामुळे मिळाला? ती मादी शेवटी जिथे जाऊन स्थिरावली ते तिचे ठिकाण कळल्यामुळे. चूक ठरते ती त्या एकीच्या हेतूच्या संदर्भात. जातीच्या सरासरी वाटेच्या संदर्भात ठरते तो केवळ फरक. ०३२३३ चा हेतू आपल्यापैकी कोणालाही ठाऊक नाही. तेव्हा तिला भरकटलेली म्हणण्याचा अधिकारही कोणाला नाही.

तिसरा आक्षेप सरकारी आहे, आणि खरे भांडण त्याच्याशीच आहे. धोरण एकेका कासवासाठी करता येत नाही, सर्वसाधारण वाट धरूनच करावे लागते, असे सांगितले जाते. ऐकायला हे शहाणपणाचे वाटते. त्याचे फळ काय मिळते ते चागोस बेटांवर दिसले. तिथे २०१० मध्ये ब्रिटनने प्रचंड मोठे सागरी संरक्षित क्षेत्र जाहीर केले. पुढे तिथल्या आठ हिरव्या कासवांचा माग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा आठांपैकी सात माद्या अंडी घालून झाल्यावर त्या विशाल क्षेत्राच्याही बाहेर गेल्या असे दिसले. एक तर चार हजार किलोमीटरच्या आसपास प्रवास करून सोमालियाला पोचली. जी राहिली, तिचे चराऊ कुरण शेजारच्याच उथळ पाण्यात होते. क्षेत्र वाईट नव्हते. विणीच्या काळात त्याचा उपयोग आहेच. पण नकाशावर वर्तुळ काढले की कासव वाचले, हा समज त्या सात माद्यांनी मोडीत काढला.

आपल्याकडे ओडिशात धामरा, देवी आणि ऋषिकुल्या या नद्यांच्या मुखांजवळ दरवर्षी १ नोव्हेंबर ते ३१ मे या काळात किनाऱ्यापासून २० किलोमीटरपर्यंत मासेमारीला बंदी असते. सामूहिक विणीसाठी ती योग्यच आहे. पण एकेकटी येऊन अंडी घालणारी, ठरलेल्या जमावात न बसणारी मादी या चौकटीत येत नाही. आणि कोकणात येणारी प्रत्येक मादी तशीच असते. पश्चिम किनाऱ्यावर १ जूनपासून सुरू होणारी पावसाळी बंदी माशांच्या विणीसाठी आहे. तोवर इथल्या कासवांचा हंगाम उलटून गेलेला असतो. म्हणजे जमावाला कायदा आहे आणि एकटीला हॅचरी. हॅचरीच्या कुंपणाबाहेर, पाण्यात, तिच्यासाठी काय आहे?

याचे उत्तर धोरणकर्त्यांना माहीत नाही असे नाही. ट्रॉल जाळ्यात बसवायचे कासव-सुटका साधन गेली कित्येक वर्षे उपलब्ध आहे. कोचीच्या केंद्रीय मत्स्य प्रौद्योगिकी संस्थेने भारतीय जाळ्यांसाठी त्याची आवृत्तीही तयार केली. जाळ्याच्या गळ्यात तिरक्या गजांची एक चौकट असते; कोळंबी गजांमधून मागे जाते, कासव गजांवर आपटून वरच्या किंवा खालच्या झडपेतून बाहेर पडते. थोडी मासळी त्याबरोबर निसटते, अशी खलाशांची तक्रार असते, आणि ती ऐकून न घेता त्यांना गुन्हेगार ठरवणाऱ्यांत आम्ही नाही; निसटलेल्या मासळीची भरपाई कोणी द्यायची, हा रास्त प्रश्न आहे. हे साधन न वापरल्याच्या कारणावरून अमेरिकेने २०१९ मध्ये भारताची समुद्रातून पकडलेली कोळंबी घेणे थांबवले, तेव्हा चर्चा झाली ती डॉलरची. आमच्या युक्तिवादापुरते या साधनाचे मोल वेगळेच आहे. ते कासवाला वाट विचारत नाही. प्रथमा असो, रेवा असो, बागेश्री असो की क्रमांकावाचून आणखी कोणी असो, जी जिथून जाईल तिथे ते साधन जाळ्याबरोबर असते. धोरण एकेकीसाठी करता येत नाही म्हणणाऱ्यांनी हे पाहावे: सगळ्या वेगवेगळ्या जातात हे गृहीत धरूनच केलेले साधन अस्तित्वात आहे, आणि वापराविना पडून असते ते सरासरीवर विसंबलेल्या नकाशांच्या आडोशाला.

अरबी समुद्रात आणखी एक गोष्ट घडली आहे. इथले हंपबॅक देवमासे जगातल्या इतर हंपबॅकांसारखे ध्रुवाकडे जात नाहीत. वर्षभर याच समुद्रात राहतात, आणि ओमानच्या बाजूला त्यांची संख्या शंभराच्या आतच असावी असा अंदाज आहे. टॅग लावलेले देवमासे ओमान आणि येमेनच्या किनाऱ्यालगतच फिरताना दिसत असल्याने तीच त्यांची 'वाट' ठरत चालली होती. मग नोव्हेंबर २०१७ मध्ये एका मादीला टॅग लावला गेला. तिचे नाव लुबान, म्हणजे आपल्या लोबानाचाच शब्द. ती समुद्र ओलांडून सरळ भारताच्या दक्षिण टोकापर्यंत आली आणि परत ओमानला गेली. असा प्रवास कोणी नोंदवलेला नव्हता. शंभरातली एक म्हणजे अपवाद, असे सांख्यिकी म्हणेल. पण जिथे एकूणच शंभर आहेत, तिथे भारताच्या किनाऱ्याला एखादे जहाज किंवा एखादे जाळे लुबानच्या आड आले असते, तर 'हंपबॅक इकडे येत नाहीत' हे वाक्य त्या दिवसापासून खरे झाले असते.

शेवटी लक्ष्मीविषयी. फेब्रुवारी २०२२ मध्ये गुहागरहून निघालेली ही मादी नकाशावर काही आठवडेच दिसली. टॅग गळून पडू शकतो, यंत्र बिघडू शकते, कासव जाळ्यात गुदमरू शकते. उपग्रहाला यांतला फरक दिसत नाही. प्रकल्पाच्या नकाशांवर प्रथमा, रेवा, वनश्री यांच्या लांबलचक रंगीत रेघा आहेत, आणि कोकणच्या कासवांची वाट म्हणून पुढे जे काही सांगितले जाईल ते त्या रेघांवरून सांगितले जाईल. लक्ष्मीची रेघ किनाऱ्यापासून थोडी दूर जाते आणि तिथेच थांबते. तिची दिशा, निदान तोवर, बाकीच्यांहून निराळी होती की नव्हती, हे कोणत्याच बातमीत आम्हाला सापडले नाही.